प्रेअरीचे गुण, माळाचे गुण

[दृश्य: अमेरिकेतलं इलिनॉय राज्य, ऑगस्ट महिना. छातीएवढं गवत वाऱ्यावर झुकलेलं. मागे क्षितिजापर्यंत मक्याची शेतं.]

शेजारी शेजारी दोन जमिनी. एक कधीच नांगराखाली गेली नाही. दुसरीवर पन्नास वर्षांपूर्वी मका होता. मग माणसांनी बी फेकून तिथे पुन्हा गवत आणलं. आज दोन्ही हिरव्या आहेत, दोन्हींत फुलं आहेत. उपग्रहाच्या चित्रात तर दोघींचा रंग एकच दिसतो.

यातली कोणती किती जिवंत आहे, हे ठरवायचं कशावरून?

शिकागोच्या आसपास काम करणाऱ्या वनस्पती-अभ्यासकांनी त्यासाठी हिरवाईची टक्केवारी काढली नाही. ते गुडघ्यांवर बसले आणि इथे नेमकं कोण कोण उगवलंय, ते बघू लागले.

[दृश्य: जुना नकाशा. मग रेल्वेचे रूळ, रुळांच्या कडेची गवताची पट्टी.]

इलिनॉयला 'प्रेअरी स्टेट' म्हणतात. प्रेअरी म्हणजे उंच गवताचा आणि रानफुलांचा सपाट मुलूख, झाडं अगदी तुरळक. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या एका राज्यात सुमारे २ कोटी २० लाख एकर प्रेअरी होती. तिची काळी माती इतकी चिकट, की फाळाला लगदा धरायचा आणि शेतकऱ्याला तो पुन्हा पुन्हा खरवडावा लागायचा. १८३७ साली याच राज्यातल्या ग्रँड डेटूर गावी जॉन डीअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळ घडवला. त्यावरून माती आपसूक घसरू लागली आणि प्रेअरीचे दिवस भरले. १९७५ ते १९७८ या काळात राज्यभर उरल्यासुरल्या नैसर्गिक जागांची पाहणी झाली, तेव्हा चांगल्या स्थितीतली प्रेअरी अडीच हजार एकरसुद्धा भरली नाही. दहा हजार एकरांमागे जेमतेम एक एकर.

जी उरली, ती रुळांच्या कडेला आणि जुन्या दफनभूमींत. कबरींच्या मधल्या जागेत कुणी नांगर घातला नाही, एवढंच तिचं नशीब.

[दृश्य: दफनभूमी. झिजलेल्या शिळा, त्यांच्यामध्ये गवताचे गोल झुबके. कॅमेरा जमिनीलगत.]

हे झुबके नीट बघा. केसासारखी बारीक पाती, कारंज्यासारखी चहूकडे वाकलेली. याला इथे 'प्रेअरी ड्रॉपसीड' म्हणतात. उन्हाळ्याच्या शेवटी हे फुलतं, तेव्हा हवेत गरम लाह्यांसारखा वास येतो. काहींना तो कोथिंबिरीचा वाटतो. जमीन एकदा नांगरली की हे गवत जातं, आणि पुढे कितीही वर्षं जमीन मोकळी सोडली तरी ते आपणहून सहसा परतत नाही.

याच्या उलट रॅगवीड. आपल्या गाजर गवताचं हे जवळचं भावंड. रस्त्याची कड, बांधकामाची जागा, पडलेलं शेत, जिथे माती उलथली तिथे रॅगवीड हजर. गंमत म्हणजे तेही अस्सल इथलंच आहे, परदेशातून आलेलं नाही. म्हणून नुसतं देशी आणि विदेशी असं मोजलं, तर ड्रॉपसीड आणि रॅगवीड एकाच रांगेत बसतात. तिथेच मोजणी फसते.

ही अडचण सोडवली फ्लॉइड स्विंक आणि जेराल्ड विल्हेल्म या दोघांनी. शिकागोजवळच्या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात काम करताना त्यांनी शिकागो परिसरातल्या एकेका देशी वनस्पतीला ० ते १० पैकी गुण दिले, आणि १९७९ पर्यंत ती यादी छापून लोकांच्या हाती पडली. गुण सौंदर्याचे नाहीत, दुर्मीळपणाचेही नाहीत. विचारायचं ते इतकंच: ही वनस्पती दिसली, तर ती जमीन अजून मूळच्या घडणीत असल्याची खात्री किती? रॅगवीडला ०, कारण ते कुठेही उगवतं. प्रेअरीचं सगळ्यांत ओळखीचं गवत, बिग ब्लूस्टेम, याला ५. ड्रॉपसीडला १०. प्रेअरीतल्या पांढऱ्या झालरीच्या ऑर्किडलाही १०. तिचं परागीभवन रात्री उडणारे हॉकमॉथ पतंग करतात आणि १९८९ पासून तिला केंद्रीय कायद्याचं संरक्षण आहे. बाहेरून आलेल्या वनस्पतींना गुणच नाहीत.

हे आकडे कुठल्या यंत्रातून आलेले नाहीत, हे इथेच सांगायला हवं. वर्षानुवर्षं रान तुडवलेल्या माणसांचा तो अंदाज आहे. यावर आक्षेप घेतले गेले आणि ते रास्तच होते. माझं मत विचाराल तर ही त्या पद्धतीची ताकदही आहे. अनुभवी माणूस रानात शिरल्यावर 'ही जागा चांगली आहे' असं क्षणात म्हणतो, पण का ते त्याला सांगता येत नाही. स्विंक आणि विल्हेल्म यांनी तो अंदाज एकेका वनस्पतीपाशी थांबून कागदावर मांडला. त्यामुळे कुणालाही तो तपासता येतो, त्यावर वाद घालता येतो, आणि दहा वर्षांनी दुसरा माणूस त्याच जागी जाऊन तीच मोजणी करू शकतो.

[दृश्य: दोघं जण गवतात टेप ताणतायत. एकाच्या हातात पाव चौरस मीटरची चौकट.]

प्रत्यक्ष काम फार साधं दिसतं. जमिनीवर एक लांब टेप ताणायची. ठरावीक अंतरावर चौकट टेकवायची. अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद. मग त्या चौकटीत जे जे मुळावलंय, ते सगळं ओळखायचं.

खरी कसोटी इथे लागते. चांगल्या प्रेअरीत एवढ्याशा जागेत पंधरा-वीस जाती सापडू शकतात, आणि त्यातल्या बहुतेकांना त्या दिवशी फूल नसतं. मग पात्याच्या बुडाशी बोटं घालून देठाला पान जिथे बिलगतं तो सांधा उघडायचा. तिथे एखादा पातळ पापुद्रा असतो किंवा बारीक केसांची झालर असते. गवताची ओळख बऱ्याचदा तिथेच पटते. कधी पान चुरगाळून वास घ्यायचा, कधी देठ बोटांत फिरवून तो गोल आहे की तिधारी ते बघायचं. तिधारी निघाला तर ते गवत नाहीच, लव्हाळ्याच्या कुळातलं आहे. एकाने नावं सांगायची, दुसऱ्याने लिहायची, आणि पुढच्या चौकटीकडे सरकायचं. एका ऋतूत हे संपत नाही. वसंतातली फुलं जुलैत दिसत नाहीत, आणि सप्टेंबरच्या गवतांना मे महिन्यात ओळखणं कर्मकठीण.

[दृश्य: वहीचं पान. पेन्सिलीने लिहिलेली नावं, समोर आकडे.]

पुढे हिशेब. सापडलेल्या देशी वनस्पतींच्या गुणांची सरासरी काढायची आणि तिला जातींच्या संख्येच्या वर्गमुळाने गुणायचं. येणारा आकडा हा त्या जागेचा निर्देशांक. समजा एका जागी ४९ जाती आहेत आणि सरासरी गुण २. वर्गमूळ ७, म्हणून निर्देशांक १४. दुसऱ्या जागी फक्त २५ जाती, पण सरासरी ५. वर्गमूळ ५, म्हणून निर्देशांक २५. जवळजवळ निम्म्याच जाती असून दुसरी जागा कितीतरी वर. सरळ जातींच्या संख्येने गुणलं असतं तर ९८ आणि १२५ आले असते. वर्गमुळामुळे नुसत्या गर्दीचं वजन कमी होतं.

तरीही जागा मोठी असेल तर जाती जास्त मिळतात आणि निर्देशांक फुगतो. म्हणून जाणकार सरासरी वेगळी बघतात, आणि तीही दोनदा काढतात: एकदा फक्त देशी वनस्पतींची, एकदा बाहेरच्यांना शून्य धरून सगळ्यांची. दोन आकड्यांतली दरी रुंदावत गेली, की घुसखोरी वाढतेय हे कळतं.

आज अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या आपापल्या याद्या आहेत. एकाच वनस्पतीला दोन राज्यांत वेगळे गुण असू शकतात, आणि ते बरोबरच आहे. शिकागो भागात कुणी पाणथळ जागा बुजवली आणि बदल्यात दुसरीकडे तयार करून दिली, तर ती नवी जागा खरंच उभी राहिली का, हे तपासायलाही हेच गुण वापरतात. पाणी साचलं, हिरवं दिसलं, एवढ्यावर सुटका होत नाही.

[दृश्य: फर्मीलॅब, बटाव्हिया. गवतामागे प्रयोगशाळेची उंच इमारत.]

ही फर्मीलॅब. मूलकणांचा अभ्यास करणारी जगप्रसिद्ध प्रयोगशाळा. जमिनीखाली कणांना वेग देणारं कडं, घेर सहा किलोमीटरांहून अधिक (ते २०११ साली बंद झालं), आणि कड्याच्या आत पूर्वीची शेतजमीन. १९७५ साली रॉबर्ट बेट्झ यांनी इथे प्रेअरी पेरायला सुरुवात केली. बेट्झ जीवशास्त्राचे प्राध्यापक. त्यांनी आणि स्वयंसेवकांनी दफनभूमींतून, रुळांच्या कडेने हाताने बी गोळा केलं. त्यांच्या लक्षात आलं की कमी गुणांच्या, दणकट वनस्पती आधी लावाव्या लागतात. त्या तणांना रेटून जागा धरतात, आणि मग मुरलेल्या जमिनीत मानी वनस्पतींना हळूहळू आणता येतं. अधूनमधून ठरवून वणवाही लावावा लागतो. वरचं वाळलेलं जळून जातं, झुडपं मागे हटतात, आणि जमिनीखालचे डोळे पुन्हा फुटतात.

आज तिथे सुमारे हजार एकर प्रेअरी उभी आहे. फार मोठं काम आहे ते. पण पुन्हा उभ्या केलेल्या प्रेअरींचे गुण एका टप्प्यापर्यंत भराभर चढतात आणि मग रेंगाळतात, हे अशा मोजण्यांत वारंवार दिसलंय. कधीच न नांगरलेल्या दफनभूमीच्या तुकड्याशी त्यांची बरोबरी सहसा होत नाही. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन यांनी २०२० साली जगभरच्या अशा अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला. उद्ध्वस्त झालेल्या जुन्या गवताळ प्रदेशाची वनस्पतिसंपदा भरून यायला निदान शतक लागतं, आणि बहुतेक ठिकाणी हजारो वर्षं, असं त्यांना आढळलं.

[दृश्य: पुणे जिल्हा, सप्टेंबर. माळरान. मेंढ्यांचा कळप, दूर बोडकी टेकडी.]

हेच नेर्लेकर पश्चिम महाराष्ट्राच्या माळरानांवरही काम करतात. आणि इथे या मोजणीशी आपला थेट संबंध येतो.

आपला माळ सरकारी नोंदींत बऱ्याचदा 'पडीक' म्हणून येतो. पडीक म्हटलं की झाडं लावणं ओघाने आलंच. २०१६ ते २०१९ या चार वर्षांत राज्यात वृक्षलागवडीची मोठी मोहीम झाली. शेवटच्या वर्षाचं उद्दिष्ट ३३ कोटी रोपांचं होतं. मोजली गेली ती रोपं. खड्डा खोदण्याआधी तिथे काय उगवत होतं, याची मोजणी अशा कामांत क्वचितच होते. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्प दाट वाढलंय. त्याच्या सावलीत आणि पाचोळ्यात माळाचं गवत टिकत नाही. लांबून टेकडी हिरवीगार दिसते. जवळ जाऊन चौकट टेकवली तर आत काय सापडेल?

[दृश्य: गवताचे तुरे, अगदी जवळून. मग जमिनीलगतची खरचुडी, तिचं कंदिलासारखं फूल.]

माळ ओसाड मुळीच नाही. भारताच्या गवताळ माळरानांवर २०६ प्रदेशनिष्ठ वनस्पतींची नोंद झालीय, म्हणजे जगात दुसरीकडे कुठेच नसलेल्या. त्यातल्या कितीतरी गेल्या दोन दशकांत पहिल्यांदा शास्त्राला कळल्या. खरचुडीच्या कुळातल्या बऱ्याच जातींचा कंद वर्षातले बरेच महिने जमिनीखाली निजलेला असतो. मे महिन्यात पाहणी करणाऱ्याला त्या जागी फक्त मुरूम दिसेल.

आणि वनस्पतींवरून जमिनीची तब्येत ओळखणं आपल्याकडे नवंही नाही. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी देशभरच्या गवताळ प्रदेशांची पाहणी १९७३ साली प्रसिद्ध केली, स्विंक-विल्हेल्म यांची यादी छापून येण्याच्याही आधी. दख्खनसह सगळ्या द्वीपकल्पाच्या गवताला त्यांनी नाव दिलं ते सेहिमा आणि डायकँथियम यांचं, म्हणजे आपल्या शेडा आणि मारवेल गवतांचं. जमीन खालावत जाते तशी कोणती गवतं मागे हटतात आणि कोणती पुढे येतात, याचा क्रम त्यांनी मांडला. चराई फार झाली की शेडा मागे पडतो, कुसळी माजते. त्याहून खालावलं की एकसाली बारीक गवतं उरतात. मेंढ्या घेऊन हिंडणाऱ्या धनगराला हा क्रम तोंडपाठ असतो. कुसळं लोकरीत अडकतात, कातडीत शिरतात. त्याला कुसळीचा माळ आणि पवण्या या चांगल्या चाऱ्याच्या गवताचा माळ लांबूनच वेगळा कळतो.

म्हणजे पाया आहे. आपल्या माळांची गुणांची यादी करायची, तर वनस्पती-अभ्यासक आणि जुने मेंढपाळ एकत्र बसवावे लागतील. गाजर गवत, कॉसमॉस, घाणेरी, वेडी बाभूळ यांना गुण नाहीत. कुसळीला थोडे. शेडा, पवण्या, मारवेल वरच्या अंगाला. एकाच टेकडीला धरून राहिलेल्या खरचुडीला दहापैकी दहा द्यायला मी मागेपुढे पाहणार नाही. कोकणातल्या जांभ्याच्या सड्यांची यादी वेगळी करावी लागेल, सोलापूरच्या माळाची वेगळी.

पाहणी वर्षातून निदान दोनदा हवी. पहिल्या पावसानंतर, कंद डोकं वर काढतात तेव्हा. आणि पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गवतं तुऱ्यावर असताना. माळावर रोपांचा ट्रक येणार असेल, तर त्याच्या आधीचं एक पूर्ण वर्ष या मोजणीला द्यायला हवं.