धार लागते, पण टिकत नाही

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आठवडी बाजारात सुरी घेताना आपण काय बघतो? अंगठा धारेवरून आडवा फिरवतो, मूठ दाबून बघतो, भाव पाडतो आणि पिशवीत टाकतो. चार दिवसांत घरातून ऐकू येतं, "हिला काही धारच नाही." मग पाजवून आणायची, की पुन्हा तेच. माझं म्हणणं असं, की धार लावणं हा यातला सगळ्यात सोपा भाग आहे. ती टिकणार की नाही, हे दगडावर ठरत नाही, भट्टीत ठरतं. आणि तिथंही हातोड्यानं कमी, तापवण्या-निववण्यानं जास्त.

टेबलावरची सुरी हातोहात फिरवा, धारेला म्यान घातलेलं आहे. पातं आणि मूठ एकाच सळईची. लाकूड नाही, रिबीट नाही. मूठ म्हणजे सळई बारीक ओढून मागं वळवलेला लांबट फास, एवढंच. नव्यानं शिकणाऱ्याला मी हीच सुरी करायला लावतो, कारण हिच्यात काही झाकता येत नाही. जिथं घाव चुकला तिथं तो दिसतो.

लोखंड कोणतं घ्यायचं? घर बांधताना उरलेली सळई पुष्कळांकडे पडलेली असते आणि पहिला मोह तिचाच होतो. तिच्यात कार्बन ०.२ टक्क्यांच्या आसपास. कितीही लाल करून पाण्यात बुडवा, धारेला हवा तसा कडकपणा तिला येत नाही. गाडीच्या स्प्रिंगमध्ये, मग ती गोल असो की पाट्याची, तो ०.५ ते ०.६ टक्के असतो, आणि जुन्या चांगल्या कानशीत १ टक्क्याच्या वर. भंगारातला तुकडा ओळखायचा तर ग्राइंडरला टेकवून बघा. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. पोलादाच्या ठिणग्या टोकाशी फुटतात, त्यांना फाटे येतात. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पत्रा मात्र भट्टीत कधीही घालू नका, त्याचा धूर विषारी असतो.

आता घडवणं. १२ मिलिमीटर जाडीची गोल स्प्रिंग तापवून सरळ केली, वीतभर तुकडा घेतला. आधी एका अंगाला पात्याचं टोक काढायचं, मग ते अंग चपटं करायचं. इथं नवखा माणूस हमखास अडतो. धारेकडची बाजू ठोकून पातळ केली, की ती बाजू लांबते, पाठ तेवढीच राहते, आणि पातं पाठीकडं वाकतं. जुने लोहार यावर भांडत बसत नाहीत. धार ठोकण्याआधीच ते पातं विळ्यासारखं धारेकडं वाकवून ठेवतात. मग एकेका घावाबरोबर ते आपोआप सरळ होत येतं. बघत बसावं असं ते काम असतं. नंतर दुसरं अंग बारीक ओढायचं, शेवटाला छोटी कडी वळवायची आणि मधोमध मागं दुमडायचं. आपल्याकडच्या खेड्यातल्या ऐरणीला शिंग, म्हणजे पुढं आलेलं गोल निमुळतं टोक, नसतं, चौकोनी ठोकळाच असतो. म्हणून हा फास गोल पहारीवर वळवतात. काही बिघडत नाही.

धार या वेळी पुरती काढायची नाही. साधारण दीड मिलिमीटर जाडी ठेवायची, नाहीतर पुढं पाणी पाजताना, म्हणजे तापलेलं पातं एकदम बुडवून कडक करताना, ती पिळते किंवा तडकते.

सगळा खेळ रंगाचा आहे. पोलाद गडद लाल असताना ठोकलं तर चिरा पडतात, पांढरं होऊन ठिणग्या उडायला लागल्या तर जळालं. त्या तुकड्याचं पुढं काही होत नाही. मधला केशरी रंग ओळखायचा, आणि तो उन्हात दिसत नाही. भट्टी सावलीत, पालाच्या अंधारात ठेवतात ती म्हणूनच. रस्त्याकडेला पाल टाकणाऱ्या घिसाड्यांकडं बघा. भाता बाई ओढते, नवरा सांडशीत लोखंड धरतो, आणि दोघांचीही नजर त्या रंगावर असते. त्या नजरेला आपण कौशल्य म्हणत नाही, हे मला खटकतं.

ही नजर आपल्या मुलखाला नवी नाही. नांदेडची हद्द ओलांडली, की निजामाबाद जिल्ह्यात कोनासमुद्रम हे गाव आहे. तिथं मुशीत, म्हणजे मातीच्या बंद भांड्यात, पोलाद करायचे आणि ते न्यायला इराणहून व्यापारी यायचे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ हेन्री व्हॉयसी यांनी ते काम पाहून टिपण लिहिलं, ते १८३२ साली छापून आलं. त्या जातीच्या पोलादात कार्बन १ टक्क्याच्या बराच वर, दीडच्या आसपास. युरोपातल्या लोहारांनी ते आपल्या सवयीप्रमाणं पांढरं तापवलं आणि घणाखाली त्याचा भुगा झाला. इकडचा लोहार ते कमी आचेवर, दमानं घडवायचा.

घडवून झाल्यावर तीनदा नुसतं तापवून हवेत निवू द्या, म्हणजे आतले ताण निघतात. मग पाणी पाजणं. किती तापलं हे कळायला जुन्या स्पीकरचा लोहचुंबक तारेला बांधून जवळ ठेवा. ७७० अंशांच्या सुमारास पोलाद चुंबकाला चिकटेनासं होतं. त्याहून जरासं पुढं नेलं, की बुडवायचं. आणि कशात? पाणी म्हणतो, पण स्प्रिंगचं पोलाद पाण्यात घातलं तर कित्येकदा 'टिंग' असा आवाज येतो आणि काम संपतं. तेल घ्या. आपल्याकडं करडईचं आहे, शेंगदाण्याचं आहे. हाताला चांगलं गरम लागेल इतकं तापवा. टोकाकडून सरळ आत, मग पुढं-मागं हलवा, आडवं नाही. जवळ झाकण असू द्या, तेल पेट घेतं. बाहेर काढल्यावर धारेवर कानस फिरवा. ती घसरली तर जमलं.

पण आता ही सुरी काचेसारखी ठिसूळ आहे, हातातून पडली तर तुटेल. तिला उतरवावी लागते, म्हणजे पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा कमी करावा लागतो. पातं घासून चकचकीत करा आणि पाठीकडून तापलेल्या जाड लोखंडावर टेकवा. रंग पाठीकडून धारेकडं सरकतो: फिक्कट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा. सुरीच्या धारेला पिवळा पोचला, साधारण २२० ते २३० अंश, की लगेच थंड करा. ऊसतोडीचा कोयता असेल तर जांभळ्यापर्यंत जाऊ द्यायचा. त्याला दिवसभर बुडख्यावर घाव सोसायचे असतात, थोडी धार गेली तरी चालेल पण तुकडा उडता कामा नये. बीडकडं मुकादम उचल देताना माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या हिशेबातलं पोलाद कसं उतरवलंय, याची चौकशी कोणी करत नाही.

मागून एका काकांनी विचारलं, की चांगली जुनी सुरीसुद्धा पाजवून आणल्यावर बिघडते, ते का? वेगानं फिरणाऱ्या कोरड्या ग्राइंडरवर पातळ धार क्षणात ३०० अंशांच्या वर जाते. तिथं निळी रेघ दिसली, की तेवढी धार मऊ पडली. म्हणून पाजवणाऱ्याला सांगा, दर फेरीला पाण्यात बुडव, नाहीतर घरीच ओल्या दगडावर घासा. निळी रेघ अगदी कडेलाच असेल तर तेवढी हळूहळू घासून काढा, खाली चांगलं पोलाद शिल्लक असतं. सगळं पातंच निळं झालं असेल तर दगडाचा उपयोग नाही; सुरी लोहाराकडं न्या आणि पुन्हा पाणी पाजून घ्या.