खाडीवरचे पाहुणे कुरव

जानेवारीतली सकाळ. ऐरोलीहून होडी ठाणे खाडीत शिरते आणि सगळे कॅमेरे रोहित पक्ष्यांकडे, म्हणजे फ्लेमिंगोंकडे वळतात. आपण अलीकडच्या चिखलाकडे पाहू. ओहोटी लागलीय, पाणी हटतंय आणि ओल्या चिखलावर पांढरे पक्षी उतरताहेत. हे कुरव, म्हणजे सीगल.

यातला हा तपकिरी डोक्याचा कुरव. नाव तपकिरी डोक्याचा, पण आत्ता डोकं पांढरंशुभ्र. कानामागे फक्त एक गडद ठिपका, बाळाला तीट लावावी तसा. शेजारी काळ्या डोक्याचा कुरव. हिवाळ्यात त्याचंही डोकं पांढरंच, त्यामुळे दोघांत हमखास घोटाळा होतो. पंख उघडू द्या. काळ्या टोकात पांढरे टिकले आणि डोळा फिकट दिसला, की तो तपकिरी डोक्याचा.

याची वीण लडाख-तिबेटच्या उंच तळ्यांकाठी होते. तळी गोठायच्या आत तो खाली उतरतो. इथे त्याचा दिवस भरती-ओहोटीवर चालतो. ओहोटीला चिखलात किडे, खेकडे टिपायचे, भरतीला थव्याने पाण्यावर तरंगायचं. मासेमारीची होडी दिसली की सगळा थवा तिच्या मागे.

गेटवेहून सुटणाऱ्या लाँचवर लोक यांना वेफर, फरसाण टाकतात. कृपा करून टाकू नका. तेल-मीठ हे त्यांचं अन्न नाही. त्यांचं ताट या चिखलात वाढलेलं आहे.

आशियाई पाणपक्षी गणना 1987 पासून होते, दर जानेवारीत. कुरव मोजताना कस लागतो. ओहोटीला ते खाडीभर पांगतात, भरतीला एका जागी गोळा होतात. त्यामुळे भरतीची वेळ न लिहिलेला आकडा मला अर्धवट वाटतो. पिल्लंही वेगळी मोजायला हवीत. हा बघा, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी. याचा पहिलाच हिवाळा. अशी पिल्लं किती आली, यावरून तिकडची वीण कशी झाली याचा अंदाज येतो.

तिकडे काय घडू शकतं? 2005 मध्ये चीनच्या चिंगहाई तलावावर बर्ड फ्लूने सहा हजारांहून जास्त पक्षी मेले. त्यांत हे कुरवही होते.

ठाणे खाडीला 2022 साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता मिळाली. पण कुरवांना हवा आहे तो उघडा चिखल. भराव पडला की तो गेला.

मार्च उजाडलाय. हा एक जण पिसं साफ करतोय. कपाळ अजून पांढरं, मागून मात्र तपकिरी रंग चढू लागलाय.