तक्रार एका दुपारची, शिक्षा अख्ख्या घराला

पंचकुला, हरियाणा. १२ ऑगस्ट १९९०, रविवार. आयजी, म्हणजे पोलीस महानिरीक्षक, एस. पी. एस. राठोड यांच्या घराच्या गॅरेजमध्येच हरियाणा लॉन टेनिस असोसिएशनचं ऑफिस होतं, आणि अध्यक्षही तेच. आदल्या दिवशी ते स्वतः टेनिस खेळणाऱ्या रुचिका गिरहोत्राच्या घरी जाऊन आले होते, पोरीला कॅनडाला कशाला पाठवता, इथेच स्पेशल कोचिंग देतो म्हणून वडलांना सांगून आले. रुचिका १४ वर्षांची, आई आधीच गेलेली, वडील बँकेत.

रुचिका आणि तिची मैत्रीण, दोघी ऑफिसात गेल्या, तर राठोडनी मैत्रिणीला कोचला बोलवून आण म्हणून बाहेर पिटाळलं. कोच काही आला नाही, ती एकटीच परत आली आणि दारातच थबकली, कारण साहेबांनी रुचिकाला धरून ठेवलेलं आणि ती सुटायची धडपड करत होती. सगळी केस पुढे या काही क्षणांवर उभी राहिली, दारात उभ्या असलेल्या त्या एका मुलीच्या डोळ्यांवर.

घरी सांगायला पोरींना दोन दिवस लागले, तेही राठोडचं परत बोलावणं आलं म्हणून. मग पालक आणि आसपासची माणसं जमली, सह्या केल्या, तक्रार थेट वरपर्यंत नेली. राज्याचे तेव्हाचे पोलीस महासंचालक आर. आर. सिंग यांनी चौकशी केली आणि ३ सप्टेंबरला लिहून दिलं की गुन्हा नोंदवा. म्हणजे बघा, खात्याचा सगळ्यात मोठा अधिकारीच सांगतोय, तीन आठवड्यांत सांगतोय, आणि तरी एफआयआर काही झाला नाही.

झालं ते भलतंच. त्याच महिन्यात फी भरली नाही हे कारण सांगून शाळेनं रुचिकाचं नाव काढलं. नंतर भावावर गाड्या चोरल्याच्या केसेस पडायला लागल्या, एक झाली की दुसरी. १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला उचललं. कोठडीत मारलं, बेड्या घालून आपल्याच गल्लीतून फिरवलं, हे घरच्यांचे आरोप, आणि राठोडनी ते कायम नाकारले. पण त्या मुलीच्या जागी स्वतःला ठेवून बघा, आपण तोंड उघडलं म्हणून भाऊ आत आहे असं तिला रोज वाटत असणार. डिसेंबर संपता संपता तिनं जीव दिला आणि त्यानंतर लगेच भाऊ सुटून घरी आला. पुढे १९९७ मध्ये कोर्टानं त्याला त्या केसेसमधून मोकळं केलं. तोवर घर विकून ती माणसं शिमल्याकडे निघून गेली होती.

राठोडना मात्र बढत्याच मिळत गेल्या, १९९९ मध्ये तेच हरियाणाचे महासंचालक झाले. मैत्रिणीच्या आईवडलांनी हायकोर्ट गाठलं म्हणून तपास सीबीआयकडे गेला आणि २९ डिसेंबर १९९९ ला, म्हणजे नऊ वर्षांनी, एफआयआर झाला. आपल्या मुलीइतकंच त्या परक्या मुलीसाठी त्यांनी तारखांमागून तारखा काढल्या, चारशेच्या वर. मैत्रीण लग्न होऊन ऑस्ट्रेलियाला गेली, पण साक्ष सोडली नाही.

२१ डिसेंबर २००९. विनयभंग सिद्ध झाला, शिक्षा सहा महिने, दंड हजार रुपये. जामीन लगेच मिळाला आणि कोर्टाबाहेर येताना राठोड हसत होते, ते हसणं देशानं टीव्हीवर पाहिलं आणि लोक पेटले. अपिलात शिक्षा दीड वर्ष झाली, पोलीस पदक काढून घेतलं गेलं. २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं दोष कायम ठेवला, पण भोगली तेवढी कैद पुरे म्हणून सोडून दिलं.

ही सगळी शिक्षा त्या गॅरेजमधल्या काही क्षणांची. नंतरच्या तीन वर्षांचं काय? भावाचा छळ, खोट्या केसेस, यावर २००९ च्या निकालानंतर नव्यानं गुन्हे नोंदवले खरे, पण पुरावा नाही म्हणत सीबीआयनंच फाईल बंद करायला मागितली, आणि कोर्टानं ते मानलं.