पोतीतला सुटा मणी

(दृश्य: सोलापूरचा पूर्व भाग. उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळणारी बाई.)

मावशींची मान सकाळपासून खाली आहे. जरा नीट बघा. मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांशेजारी एक मणी सुटा दिसतोय. तो मणी नाही, चामखीळ आहे.

आपण दोन वेगळ्या गोष्टींना चामखीळच म्हणतो. बोटावरची खरखरीत असते ती विषाणूमुळे होते आणि पसरते. मावशींची मऊ आहे, बारीक देठावर लोंबणारी. डॉक्टर तिला स्किन टॅग म्हणतात. ती एकाची दुसऱ्याला लागत नाही. मान, काख, जांघ, पापणी, जिथे कातडी घासते तिथे ती उगवते. एप्रिलमध्ये पारा ४० च्या पुढे गेला की घामाने पोत चिकटते आणि नेमकी तिथेच अडकते. त्रास काय तो एवढाच.

(दृश्य: विडीला दोरा गुंडाळणारी बोटं.)

मागच्या वर्षी मावशींना अशीच आणखी एक चामखीळ होती. शेजारीण म्हणाली, घोड्याचा केस बांधा. घोडा कुठून आणायचा? विडीचा दोरा होता हाताशी. दिवसाला हजार विड्या बांधणारा हात, त्याला ही एक गाठ काय जड! पण ती काळी पडली, सुजली, पू झाला. आठवडाभर मान वळेना. चामखीळ गळाली खरी, डाग मात्र राहिला.

चुना-सोड्याचा ठिपका लावून देणारेही भेटतात. ते औषध नव्हे, कातडी जाळणं आहे. त्वचारोगतज्ज्ञ हेच काम काही मिनिटांत करतात: कात्रीने, विजेच्या सुईने किंवा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनने. खुपत नसेल तर काढायचीही गरज नाही.

रंग बदलला, कडा वेडीवाकडी झाली, झपाट्याने वाढली किंवा धक्का न लागता रक्त आलं, तर मात्र घरी हात लावू नका. डॉक्टरांना दाखवा.

(दृश्य: मानेचा मागचा भाग.)

आता ही काळपट, मखमली घडी. मावशी ती मळ समजून वर्षानुवर्षं वजरीने घासतायत. तो मळ नाहीच. अशी मान आणि तिच्यावर बऱ्याच चामखिळी असतील, तर रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्सुलिनला शरीर नीट दाद देत नसण्याची शक्यता असते. म्हणून डॉक्टरांनी आधी उपाशीपोटी साखर तपासायला सांगितली.

सुई टोचली तशा मावशी करवादल्या, "आलंय मानेला, अन् बोट कशाला टोचताय?"