बांधायचं की बदलायचं: गाडीच्या बंद पडलेल्या इंजिनाविषयी

मांजरसुंब्याचा घाट, मे महिना, दुपारचे दोन. बॉनेट उघडलेलं, वाफ निघतेय आणि गाडीवाला पाण्याची बाटली घेऊन उभा. आपल्यापैकी प्रत्येकाने हे पाहिलंय. पुढे गाडी टोचन करून गॅरेजला येते, मेकॅनिक म्हणतो, "इंजिन गेलं," आणि मालकाला त्याच क्षणी ठरवायचं असतं की हेच बांधून घ्यायचं, म्हणजे खोलून, झिजलेलं दुरुस्त करून पुन्हा जुळवायचं, की दुसरं टाकायचं. गेली सव्वीस वर्षं लातुरात मी इंजिनाचंच काम करतोय. हा प्रश्न मला लोक फोनवर विचारतात, गाडी अजून घाटातच असते. मी त्यांना एकच सांगतो, बंद इंजिनावर निर्णय होत नाही. आधी खोलू, मोजू, ते कशाने गेलं ते शोधू. मग ठरवू.

उदगीरकडचे एक गुरुजी आहेत. त्यांनी नऊ वर्षांची जुनी डिझेल गाडी घेतली होती. आईला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी लातूरला आणावं लागतं, म्हणून. एक दिवस गाडी तापली आणि बंद पडली. मला म्हणाले, "भाऊ, दुसरं इंजिन टाकून द्या. कशाला खोलायलाव? मंगळवारी आईला आणायचंय." त्यांची घाई खरी होती. तरी मी दोन दिवस मागून घेतले.

ऑइल बघायची पट्टी, डिपस्टिक, काढली तर ऑइल दूध घातलेल्या चहासारखं. म्हणजे पाणी आणि ऑइल एक झालेलं. हेड, म्हणजे सिलिंडरांवर बसणारा भाग, उतरवलं, साफ केलं, त्यावर सरळपट्टी आडवी, उभी, तिरपी ठेवली आणि खालून फीलर गेजची पाती घालून पाहिली. ०.०५ मिलिमीटरची पातीसुद्धा जाऊ नये, अशी साधारण अपेक्षा असते. इथे दोन आणि तीन नंबरच्या सिलिंडरमधल्या जागी ०.१५ ची पाती सहज आत सरकली. हेड वाकलं होतं. मग मी बोअर, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या सिलिंडरच्या आतल्या भिंती, पाहिले. कारखान्यात होनिंग करताना पडलेल्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा अजून शाबूत होत्या. वरच्या कडेला नख फिरवलं, कुठे अडकलं नाही. खालून दोन बेअरिंगं काढून पाहिली, तीही चांगली. म्हणजे खालचं सगळं निरोगी. हेडची प्रेशर टेस्ट केली, कुठे तडा नव्हता. फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घेतलं, पिस्टन ब्लॉकच्या (सिलिंडर असलेल्या खालच्या भागाच्या) वर किती येतो ते मोजून त्या जाडीचं गॅस्केट, म्हणजे दोन्हींमधली सील, आणलं आणि हेडचे बोल्ट नवे टाकले. आजच्या बऱ्याच इंजिनांत हे बोल्ट कसताना ताणले जातात, म्हणून एकदाच वापरायचे असतात. जुनेच लावले तर गॅस्केट पुन्हा उडू शकतं. त्या गुरुजींना इंजिन बांधायची गरज नव्हती आणि बदलायचीही नव्हती. न खोलता दुसरं टाकलं असतं तर एक धडधाकट ब्लॉक भंगारात गेला असता आणि त्यांच्या पगारातले कितीतरी महिने त्याच्यासोबत.

पण हेड वाकलं कशाने? मराठवाड्यात ही गोष्ट बोललीच पाहिजे. रेडिएटरचा पाइप काढला तर आतून पांढरा थर. आपल्याकडे बादलीत घालून पाणी तापवायची जी रॉड असते, तिच्यावर सहा महिन्यांत जे पांढरं कवच चढतं, तेच. बोअरवेलचं पाणी. आपल्या काळ्या खडकातून येणारं पाणी क्षार घेऊन येतं. ते तापलं की क्षार बाजूला होतात आणि चिकटतात. इंजिनात ते सर्वांत जास्त कुठे तापतं? हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास. नेमकी तिथलीच अरुंद वाट बुजते. त्यात हेड ॲल्युमिनियमचं आणि बऱ्याच गाड्यांत ब्लॉक बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा. तेवढ्याच उष्णतेला ॲल्युमिनियम बिडाच्या सुमारे दुप्पट पसरतं. हेडला पसरायचं असतं, बोल्ट त्याला धरून ठेवतात आणि ते वाकतं. घाटात बाटलीतलं गार पाणी त्या तापल्या हेडवर पडलं तर तडाही जातो. म्हणून तापलेल्या इंजिनात पाणी ओतू नका, झाकण उघडू नका. अर्धा-पाऊण तास सावलीत उभे राहा.

एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पिण्याचं पाणी आलं. त्या वर्षी गाडीत डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट घाला असं सांगताना माझी जीभ अडखळायची. घरात प्यायला पाणी नाही, तिथे गाडीला विकतचं पाणी कोण घालणार? पण कॅनमधलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं करून भरायला जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट हेडच्या कामाला येतो.

मी हे इतकं जीव तोडून सांगतो, त्याला कारण माझी स्वतःची चूक आहे. धंद्याच्या तिसऱ्या वर्षी एका टॅक्सीवाल्याचं जाम झालेलं इंजिन काढून मी जुन्या बाजारातून आणलेलं चांगलं इंजिन बसवलं. गाडी सुरू झाली, त्याने पेढे आणले. रेडिएटर मात्र तोच ठेवला, पाण्याने धुऊन. अडीच महिन्यांत दुसरं इंजिनही जाम. त्याने पतपेढीचं कर्ज काढून पैसे भरले होते. दुसऱ्यांदा मी मजुरी घेतली नाही, पण त्याचे बुडालेले दिवस मला भरून देता आले नाहीत. इंजिन बदलून रोग जात नाही. रोग रेडिएटरमध्ये असतो, ऑइलच्या जाळीत असतो, कधी इंजेक्टरमध्ये असतो, आणि नव्या इंजिनाची वाट पाहत तिथेच बसलेला असतो.

आता खालचा भाग खरोखर गेलेला असेल तेव्हाचं. आवाजावरून अंदाज येतो. चढावर ॲक्सिलरेटर दाबला की खोलातून येणारी जड खटखट म्हणजे बहुधा खालच्या फिरत्या दांड्याचं, क्रँकचं, किंवा पिस्टनला त्याच्याशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग. ऑइल काढून पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि फडकं उन्हात धरा. जरीसारखी चमक दिसली तर बेअरिंगचा मऊ थर सुटलाय. लोहचुंबक फिरवा. कण चिकटले तर लोखंड, म्हणजे क्रँकसुद्धा घासला गेला असू शकतो. पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. प्रेशर वाढलं तर रिंग आणि बोअर, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह किंवा हेडचं गॅस्केट. एवढ्यावर अर्धं चित्र उभं राहतं.

उरलेलं अर्धं लेथवर, म्हणजे इंजिनाचे भाग मोजून घासून देणाऱ्या वर्कशॉपमध्ये, कळतं. क्रँक मायक्रोमीटरने मोजायचा, बोअर गेजने. झीज असेल तर क्रँक ग्राइंड करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर अंडरसाइजची, म्हणजे बारीक झालेल्या क्रँकला बसणारी, बेअरिंगं आणि बोअर वाढवून त्या वाढीव मापाचे ओव्हरसाइज पिस्टन. हे पिस्टन मिळतात का, हे आधी विचारा. काही नव्या इंजिनांना कंपनी ओव्हरसाइज पिस्टन देतच नाही. तिथे स्लीव्ह, म्हणजे बोअरच्या आत नवी नळी, टाकायची म्हटली तर ती टाकणारा हात फार चांगला लागतो. आणि कामाचा दर विचारण्याआधी लेथवाल्याला विचारा की माप कागदावर लिहून देणार का? प्रत्येक बोअरचं वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांनी? जो लिहून देतो त्याच्याकडे जा, चार हजार जास्त घेतले तरी. इंजिन बांधणं हे निम्मं मेकॅनिकचं आणि निम्मं लेथचं काम आहे. तुमच्या तालुक्यात असा लेथ नसेल तर तेवढ्यासाठी ब्लॉक टेम्पोत घालून शहरात न्यावा.

रॉडने ब्लॉक फोडला असेल, तर बांधायचा विषय संपला. तेव्हा दुसरं इंजिन. पण जुन्या बाजारातलं इंजिन ही झाकलेली मूठ असते. ते किती किलोमीटर चाललं, कोणतं पाणी प्यायलं, काही माहीत नसतं. हेडवरचं झाकण, टॅपेट कव्हर, उघडायला लावा. आत काळा डांबरासारखा चिखल असेल तर घेऊ नका. कॉम्प्रेशन मोजून दाखवायला सांगा. बिल घ्या, ज्या गाडीचं ते इंजिन आहे तिच्या आरसीची प्रत घ्या आणि इंजिनावरचा नंबर खोडलेला किंवा घासलेला नाही ना ते बॅटरी मारून बघा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवून आरसीवर नोंद करावी लागते. लोक हे टाळतात. मग गाडी विकताना किंवा अपघाताचा क्लेम करताना नंबर जुळत नाही आणि चोरीच्या मालाचा संशय सरळ माणसावर येतो.

सप्टेंबर २०२५ च्या पुरात कितीतरी गाड्या बुडाल्या. त्या वेळी मी फोनवर ओरडून सांगत होतो, सेल मारू नका. पिस्टनला हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल मारला की रॉड वाकतो. आणि साध्या विम्यात हे नुकसान बहुधा बसत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं.

पैशाचं गणित लोक चुकीच्या टोकाने सुरू करतात. म्हणतात, "तीन लाखाला घेतली होती हो." ते तीन लाख आता हिशोबात धरू नका. समजा, ही गाडी चालू स्थितीत आज अडीच लाखांना जाईल आणि बंद इंजिनासकट तिला कोणी नव्वद हजार देतोय. म्हणजे इंजिन चालू झालं की गाडीची किंमत एक लाख साठ हजारांनी वाढते. काम नव्वद हजारांत होत असेल आणि गिअरबॉक्स, सस्पेन्शन, पत्रा धड असेल तर बांधा. दीड लाख लागणार असतील आणि खालचा पत्रा गंजला असेल तर गाडी आहे तशी द्या. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी फिटनेस पाहून वाढवून घ्यावी लागते. चौदा वर्षांच्या गाडीत इंजिन बांधताना ही गोष्ट डोळ्यांपुढे ठेवा. माझा कल विचाराल तर ब्लॉक आणि क्रँक मापात येत असतील, तर मी बाजारातल्या अनोळखी इंजिनापेक्षा गाडीचं स्वतःचं इंजिन बांधतो. त्याचा आजार मला माहीत असतो.

बांधलेलं किंवा बदललेलं, कोणतंही इंजिन असो, बसवण्याआधी ऑइल कूलर धुऊन किंवा बदलून घ्या. टर्बो असेल तर त्याच्या ऑइलच्या नळ्याही. जुन्या बेअरिंगचा चुरा तिथे अडकलेला असतो. पहिले हजार किलोमीटर गाडी ओढू नका, एकाच वेगात तासन् तास पळवूही नका. हजार झाले की ऑइल कोमट असताना काढायला लावा, पांढऱ्या फडक्यातून गाळा आणि ते फडकं घेऊन मेकॅनिककडे परत जा. गुरुजीही असंच फडकं घेऊन आले होते. आई गाडीतच बसून होत्या. आम्ही दोघांनी दारात उभं राहून फडकं उन्हात धरलं. त्यावर काही चमकलं नाही.