बोट उचलायला आठवा माणूस

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे रोइंग क्लब, आणि तोही बंद पडलेला, किंवा पडायला आलेला. शेडला कुलूप आहे, आत बोटी आहेत, वल्ही आहेत, पाणी जिथल्या तिथे आहे आणि माणसं तेवढी नाहीत. असा क्लब परत उभा कसा करायचा, मेंबर कसे आणायचे, आणि आणले की टिकवायचे कसे, हे बोलूया. एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो आणि पुढे दोनतीनदा परत सांगणार आहे, कारण रेडिओवर पान मागे उलटता येत नाही. पहिल्या दिवशी किती लोक आले ते मोजू नका, दुसऱ्यांदा किती आले ते मोजा. दुसऱ्यांदा. हा शब्द लक्षात ठेवा.

आता हे मला कुणी शिकवलं ते सांगतो. पिशवीवाल्या काकांनी.

आमचा क्लब चार वर्षं बंद होता. आम्ही सहाजण जुने खेळाडू, एक दिवस ठरवलं की उघडायचाच. कुलूप तेलात भिजवून भिजवून उघडलं, आतमध्ये जाळी, धूळ, आणि तो जुन्या व्हार्निशचा वास, जो मला आजही कुठे आला की मी थांबतो. दोन रविवार नुसती साफसफाई केली. मग सगळीकडे बोर्ड लावले, सगळ्यांना निरोप दिले, या, बोटीत बसा, फुकट. आणि आले की लोक, पन्नासेक तरी आले असतील, मुलं, आईवडील, कॉलेजची पोरं, एक आजी तर नातवाच्या आधी बसल्या. आम्ही सगळ्यांना रुंद बोटीतून फिरवून आणलं, फोटो काढले, संध्याकाळी घरी जाताना आमचे पाय जमिनीवर नव्हते. पुढच्या रविवारी चार जण आले. त्याच्या पुढच्या रविवारी दोन.

मग आम्ही बसलो विचार करत. वेळ चुकीची आहे का, लवकर होतं का, फी सांगितली म्हणून बिचकले का, बोर्ड छोटे होते का. बोर्ड मोठे केले. परत नवे लोक आले, परत गेले. असे दोन महिने काढले. खरं सांगतो, आमच्यातल्या एकाने तर म्हटलं, जाऊदे, लोकांना आता हे नकोच आहे, कुलूप लावू.

आणि मग ती सकाळ. पाऊस नुकताच थांबलेला, सहा वाजत होते, आणि आम्ही सात जण होतो. आमच्याकडे तेव्हा पाण्यात जाण्यासारखी एकच बोट होती, आठजणांची, बाकीच्या दुरुस्तीत. आठजणांची बोट ज्यांनी जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो, साधारण १७ मीटर लांब असते, म्हणजे दीड बस समजा. आजकालच्या शर्यतीच्या बोटीचं वजन नियमाप्रमाणे कमीत कमी ९६ किलो असावं लागतं, पण आमची जुनी लाकडी, दहा वेळा डागडुजी केलेली, ती कितीतरी जड. आता गंमत अशी आहे की पाण्यात ती बोट सहा जणही वल्हवू शकतात, दोन सीट रिकाम्या राहिल्या तरी चालतं, सहा वल्हवणारे आणि एक कॉक्स, म्हणजे सुकाणू धरणारा आणि हुकूम देणारा. पाण्यात चालते हो. पण पाण्यापर्यंत नेणार कोण? तिला आठ माणसं लागतात, चार इकडे चार तिकडे. तुम्ही लोखंडी कपाट जिन्यावरून उतरवलंय ना कधी, मग माहितीये, ताकदीचा प्रश्न नसतो, एकाने हात सैल सोडला की सगळा भार दुसऱ्यावर येतो आणि कपाट भिंतीला लागतं. तसंच. आम्ही सात जणांनी उचलून पाहिली, डावीकडे मागच्या टोकाला जागा रिकामी, बोट त्या बाजूला कलली आणि रिगर, म्हणजे वल्हं अडकवायचा तो बाहेर आलेला लोखंडी हात, शेडच्या खांबावर आपटला, टण्णकन. तो आवाज अजून कानात आहे. हळूच परत रॅकवर ठेवली. झालं, घरी जायचं.

तेवढ्यात फाटकात काका उभे. हे काका रोज पहाटे काठाकाठाने फिरायला जायचे, कोपरात कापडी पिशवी अडकवलेली, आणि रोज फाटकाशी थांबून विचारायचे, काय, झालं का सुरू? आम्ही म्हणायचो, हो काका, होतंय. तेवढंच बोलणं. त्या दिवशी त्यांनी विचारलं नाही. पिशवी फाटकाच्या कडीला अडकवली, आत आले, सरळ त्या रिकाम्या जागेवर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, कुठे धरू?

आमच्यातल्या एकाने दाखवलं, इथे, काठाखाली, तळहात वर. कॉक्सने हुकूम दिला, हात लावा, तयार, उचल. आणि बोट वर आली, सरळ, पाण्यासारखी समतोल. खांद्यावर घेतली, हळूहळू चालत उतारावर, मग डोक्यावर, मग पलटून पाण्यात. काकांच्या चपला भिजल्या, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला. आम्ही बसून बूट बांधेपर्यंत त्यांनी बोट काठाला धरून ठेवली, कुणी सांगितलं नव्हतं, पण त्यांना दिसलं की धरायला पाहिजे. मग आम्ही गेलो.

तासाभराने परत फिरताना मधेच एकाच्या लक्षात आलं, अरे, आता बाहेर काढायची कशी, आपण तर सातच! पूर्ण वेळ कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. वल्हवताना आपलं तोंड मागच्या बाजूला असतं, पुढचं दिसतं फक्त कॉक्सला, म्हणून आम्ही तिलाच विचारलं, काठावर कोणी आहे का गं? ती म्हणाली, काका आहेत. पिशवी मांडीवर घेऊन बसलेत.

आम्ही काठाला लागलो तेव्हा ते म्हणाले, मी गेलो असतो तर तुम्ही पाण्यातच उभे राहिला असतात, म्हणून थांबलो. आणि दुसऱ्या दिवशी पावणेसहाला फाटकात हजर. दुसऱ्यांदा! ज्या माणसाला आम्ही फुकट फिरवून आणलं नव्हतं, ज्याचा फोटो काढला नव्हता, जो बोटीत बसलाही नव्हता, तो दुसऱ्यांदा आला. आणि तिसऱ्यांदा आणि रोज.

तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या पन्नास जणांना आम्ही पाहुण्यासारखं वागवलं होतं. सीट पुसून दिली, बोटीला हात लावू दिला नाही, तुम्ही फक्त बसा म्हटलं. पाहुणा एकदाच येतो हो. त्यांच्यातलं कुणी पुढच्या रविवारी आलं नाही तर आमचं काही अडणार नव्हतं आणि हे त्यांना कळलं होतं. काका आले नाहीत तर बोट रॅकवरून हलणार नव्हती आणि हे काकांना माहीत होतं.

पुढे काकांनी एक छोटी डायरी काढली. रात्री आठला फोन करायचे, उद्या किती जण? सात म्हटलं की ते आजूबाजूच्या कुणालातरी सांगायचे, उद्या मला एक माणूस कमी पडतोय, येशील का अर्धा तास? ते कधी कुणाला रोइंग शिकायला ये म्हणाले नाहीत. एक माणूस कमी पडतोय, एवढंच. आणि लोक यायचे! एक निवृत्त शिक्षिका आल्या, एक रात्रपाळीवाला परस्पर कामावरून यायचा, एक पोरगा आला जो आज आमच्या चारजणांच्या बोटीत स्ट्रोक सीटवर बसतो, म्हणजे ज्याच्या लयीवर बाकीचे चालतात. सहा महिन्यांत आम्ही चौतीस झालो. काका स्वतः बोटीत बसले अकरा महिन्यांनी. तिसऱ्या की चौथ्या स्ट्रोकला वल्ह्याचं पातं पाण्यात तिरकं अडकलं, मूठ पोटात बसली, याला आम्ही क्रॅब म्हणतो, सगळ्यांना होतं. काका म्हणाले, परत करूया.

तर हे झालं. गोष्ट लांबली, पण मला ती थोडक्यात सांगताच येत नाही. आता जेवढा वेळ आहे त्यात कामाचं सांगतो.

पहिलं, सुरक्षितता, यात तडजोड नाही. जुनी बोट बाहेर काढली की आधी दोन गोष्टी बघा. बोटीच्या टोकावरचा रबरी चेंडू जागेवर आहे ना, तो किमान ४ सेंटिमीटर व्यासाचा लागतो, टक्कर झाली तर टोक माणसात घुसू नये म्हणून असतो. आणि बुटांच्या टाचेची दोरी. बोट उलटली तर पाय बुटातून आपोआप सुटला पाहिजे, त्यासाठी ती दोरी असते, तुटलेली किंवा फार सैल असली तर बोट पाण्यात घालायची नाही. दहा नंबरचा पाना खिशात ठेवा, रिगरचे नट रोज तपासा. प्रत्येक नवीन माणसाची पोहण्याची चाचणी. वीज कडाडली की सगळे पाण्याबाहेर. पाणी ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी. संपलं.

दुसरं, नवीन माणसाला एकट्याच्या अरुंद बोटीत बसवू नका, ती वल्ही नीट नसली की लगेच कलंडते आणि माणूस घाबरला की गेला. चारजणांच्या रुंद बोटीत दोन जुने दोन नवे, आणि सलग सहा वेळा तेच चौघं. तेच चौघं, हे महत्त्वाचं. एकदा या आणि बघा असं बोलावण्याऐवजी सहा सकाळींचा कोर्स, ठरलेल्या तारखा, आणि पहिल्याच दिवशी बोट उचलण्यापासून ते परत आणून धुऊन पुसून ठेवण्यापर्यंत सगळ्यात हात. पुसायला द्या त्यांना बोट! बोट पुसलेला माणूस दुसऱ्यांदा येतो.

इथे एक बोलून घेतो, विषयाला थोडं सोडून आहे. कितीतरी क्लब सुरू होतात आणि पहिला खर्च कशावर, तर टीशर्ट आणि लोगो. माझं ठाम मत आहे की वर्षभर टीशर्ट छापू नयेत. ते पैसे सीटच्या चाकांना आणि वल्ह्यांच्या कॉलरला, म्हणजे वल्हं रिगरमध्ये अडून राहावं म्हणून त्यावर असतं त्या कड्याला, लावा. सीटचं चाक करकरत असेल तर माणसाला स्वतःची लय ऐकूच येत नाही. आणि दुसरं एक, बारीक मुलगी आली की तिला विचारल्याशिवाय कॉक्सच्या जागेवर बसवतात, हे मला अजिबात पटत नाही. तिला वल्हं मारायचं असेल तर वल्हं द्या. बायकांचं रोइंग ऑलिंपिकमध्ये १९७६ पासून आहे.

तिसरं, वय. लोक म्हणतात आता आमचं काय वय राहिलं. आंतरराष्ट्रीय मास्टर्सच्या, म्हणजे प्रौढांच्या, शर्यती २७ व्या वर्षापासून सुरू होतात आणि सांघिक बोटीत गट ठरतो तो सगळ्यांच्या सरासरी वयावर, म्हणजे साठीचा माणूस आणि पस्तिशीचा माणूस एका बोटीत बसून शर्यत करू शकतात. शर्यतही १,००० मीटरची, ऑलिंपिकची सहसा २,००० ची. अपंगांसाठीचं रोइंग पॅरालिंपिकमध्ये २००८ पासून आहे. आणि लहानपणापासूनच सुरू करावं लागतं असं ज्यांना वाटतं त्यांना दत्तू भोकनळचं सांगा. सैन्यात गेल्यावर वल्हं हातात घेतलं, २०१६ ला रिओ ऑलिंपिकमध्ये सिंगल स्कल्सला, म्हणजे एकट्याने दोन वल्ही मारायच्या शर्यतीत, तेरावा आला आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये चौघांच्या बोटीतून सुवर्णपदक. ताकद दंडात लागते असंही वाटतं लोकांना, पण सीट रुळावर सरकते ती यासाठीच की जास्तीत जास्त जोर पायांनी लावता यावा. ज्याला जिने चढता येतात त्याला शिकता येतं.

चौथं, जुने मेंबर. बंद क्लबचं जुनं रजिस्टर म्हणजे सोनं. फोन करा, पण देणगी मागायला करू नका, निदान पहिला तरी नको. त्यांना काहीतरी एक काम सांगा, वीस मिनिटांचं. अमुक रिगर कुठल्या बोटीचा आहे ते येऊन सांगाल का, वल्ह्यांची जोडी लावून द्याल का. लोक त्या निमित्ताने येतात आणि मग शेडमध्ये तासभर बोटींवर हात फिरवत बसतात, मी पाहिलंय, पंचवीस वर्षांनी आलेल्या माणसाने आपली जुनी सीट अंधारात हाताने ओळखली होती.

आणि शेवटचं, एक वही ठेवा. कोण आलं ते लिहायला नको, कोण नाही आलं ते लिहायला. आणि त्या दिवशीच संध्याकाळी फोन. का आला नाहीस असं नाही विचारायचं, तुझी सीट रिकामी होती, तीन नंबर, एवढंच सांगायचं. हा फोन एकाच माणसाने करायचा, ज्याचा आवाज सगळ्यांना आवडतो त्याने.

आमच्याकडे अजून काकाच करतात. काल रात्री आठला मलाही आला होता. मी म्हटलं, काका, उद्या सकाळी रेडिओवर आहे, जमणार नाही. ते म्हणाले, बरं, मग मी एक माणूस बघतो. नमस्कार.