लाल पट्टा कापू नका

मंडळी, सुरुवातीलाच एक खरं सांगून टाकतो. हिमनदीने कोरलेली, बर्फाच्या पाण्याने भरणारी सरोवरं आपल्या नशिबात नाहीत. गोव्यात डोंगरातलं मोठं पाणी पाहायचं तर साळावली, अंजुणे, चापोली. म्हणजे धरणं. त्यामुळे काठ एका जागी राहत नाही. चवथीच्या सुमाराला पाणी झाडांच्या बुंध्याला लागलेलं असतं. शिमग्यापर्यंत ते खाली जातं आणि रान व पाणी यांच्यामध्ये उघड्या मातीचा लाल पट्टा दिसू लागतो. फोटो काढणारे बहुतेक जण हा पट्टा कापून टाकतात. मीही कैक वर्षं कापला.

आता उजेडाचं बघू. आपला सह्याद्री पूर्वेला. सकाळी सूर्य डोंगर चढून वर येईपर्यंत वारा पडलेला असतो, पाणी आरशासारखं. पण डोंगराचा चेहरा अंधारात, कारण ऊन पाठीमागून. संध्याकाळी नेमकं उलटं. कडे तांबूस उजळतात, पण दुपारीच समुद्रावरून वारा सुटलेला असतो आणि पाणी चुरगळलेलं. तेव्हा प्रतिबिंब हवं की डोंगर, हे घरातून निघतानाच ठरवा. दोन्हींच्या मागे धावून मी पुष्कळ पेट्रोल जाळलंय. आणि हो, भिंगावर लावायचा पोलरायझर फिल्टर फिरवला की प्रतिबिंब पुसलं जातं, तळातले दगड दिसू लागतात. महागाचा घेऊन मग ‘प्रतिबिंब कुठे गेलं?’ विचारणारे मला दर वर्षी भेटतात.

होडीबद्दल थोडक्यात. साळावलीचं पाणी दक्षिण गोव्यात घरोघरी नळाला येतं, तेव्हा कयाक घालण्याआधी परवानगीची चौकशी करा. लाइफ जॅकेट घाला. पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट पृष्ठभागाखाली वीतभरावर असतात, वरून दिसत नाहीत. काठचा चिखल तर वरून भेगाळलेला, आत लोण्यासारखा. माझ्या ट्रायपॉडचा एक पाय असाच सावकाश खाली गेला आणि कॅमेऱ्याने पाण्यात तोंड घातलं. मी तेव्हा डबा उघडून बसलो होतो.

पण कयाकमध्ये बसलं की डोळे पाण्याच्या जेमतेम हातभर वर असतात, आणि तिथून तो लाल पट्टा सपाट नसतो. पाणी थांबत थांबत उतरतं. प्रत्येक थांब्यावर लाटा मातीत बोटभर रुंदीची पायरी कोरून जातात. तिरप्या उन्हात प्रत्येक पायरीची सावली खालच्या पायरीवर पडते. हे मी पहिल्यांदा पाहिलं, त्या दिवसापासून पट्टा कापणं सोडलं.

मे महिन्यात याच पट्ट्यात कुर्डी वर येतं. गायिका मोगूबाई कुर्डीकरांचं कुर्डी. साळावलीच्या पाण्याखाली गेलेल्या गावाची जोती, तुळशीवृंदावनं, सोमेश्वराचं देऊळ. तिथे मी एका जोत्यावर चढून फ्रेम लावत होतो. खाली एक आजोबा उभे होते, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “ही आमची रांदची कूड.” म्हणजे स्वयंपाकघर. मी खाली पाहिलं. त्यांच्या चपला जोत्याच्या बाहेर, जिथे दार असावं तिथे काढून ठेवलेल्या होत्या. मी बुटांसकट आत.